पान कुणी अडवलंय?

डेटा फाइल ९ जीबी. तिच्या शेजारची लॉग फाइल २१२ जीबी. तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेच्या सर्व्हरवर हे आकडे दिसले तेव्हा मार्चअखेरची रात्र होती. व्याज आकारणी अर्ध्यावर थांबली होती आणि पडद्यावर ९००२ क्रमांकाची चूक उभी होती: ट्रान्झॅक्शन लॉग भरला आहे. संस्थेत संगणकाचं काम पाहणाऱ्या मुलाने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "सर, ती लॉगची एलडीएफ फाइल डिलीट मारली तर चालेल का? डेटा तर दुसऱ्या फाइलमध्ये आहे ना?"

हा प्रश्न मला अनेकांनी विचारलाय. त्यात बँकेतले होते, कारखान्यातले होते, एक-दोन संगणकशास्त्राचे पदवीधरही होते. मी कुणाला हसत नाही, कारण घोटाळा मुळात नावात आहे. संगणकाच्या जगात 'लॉग' हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या वस्तूंना चिकटलाय. एक लॉग म्हणजे सॉफ्टवेअरने जाता जाता केलेली बडबड: अमुक वाजता चालू झालो, तमुक जण आत आला. तो महिन्या-दोन महिन्यांनी फेकून दिला तरी कुणाचं काही अडत नाही. दुसरा ट्रान्झॅक्शन लॉग. तो फेकला तर डेटाबेस उघडेलच याची हमी देता येत नाही, आणि उघडला तरी आतल्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही.

मराठीत या दुसऱ्या लॉगला फार चांगला शब्द आधीपासून आहे. रोजकीर्द.

जुन्या पेढीवर दोन वह्या असायच्या. दिवसभरात जे घडेल ते घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत उतरायचं; त्यात खातं कुणाचं, रक्कम मोठी की छोटी, असा भेद नसे. मग सवडीने त्याच नोंदी खतावणीत जायच्या, प्रत्येकाच्या नावाच्या पानावर. गोविंदशेटची बाकी किती हे सांगायला खतावणी सोयीची. पण खतावणी भिजली, फाटली, तर रोजकीर्दीवरून ती नव्याने मांडता येते. उलटं मात्र करता येत नाही. पेशवे दप्तरातल्या रोजकीर्दी अभ्यासक आजही चाळतात ते याच गुणासाठी: काय घडलं याबरोबर ते कोणत्या क्रमाने घडलं हेही तिथे कळतं.

डेटाबेस हेच करतो. एका बचत खात्यातून दुसऱ्यात ५,००० रुपये वळते करायचे असले की दोन्ही खात्यांची पानं तो आधी मेमरीत आणतो, तिथे बदलतो आणि त्या बदलांची नोंद लॉगच्या शेवटी लिहितो. ही नोंद डिस्कवर पक्की उतरली की मगच 'व्यवहार झाला' असं सांगतो. त्या क्षणी डेटा फाइलमध्ये जुनीच बाकी असू शकते! बदललेली पानं पुढे केव्हातरी, चेकपॉइंटच्या वेळी, आपापल्या जागी जातात. हा उलटा वाटणारा क्रम सोयीसाठी आहे. लॉगमध्ये फक्त शेवटी लिहायचं असतं, तर डेटा फाइलमध्ये एक पान इथे, दुसरं पार तिकडे. ग्राहकाला काउंटरवर उभं ठेवून ती धावपळ करायची नाही, ती नंतर करायची, आणि तोवर रोजकीर्दीवर भिस्त ठेवायची. नोंद आधी, बदल नंतर, हा नियम एकदाही मोडला तर सगळं कोसळतं.

आता मध्येच वीज गेली असं धरा. सर्व्हर पुन्हा चालू झाला की तो लॉग वाचत सुटतो. आधी कोण कुठवर आलं होतं त्याचा अंदाज घेतो, मग नोंदलेले सगळे बदल पुन्हा करतो. अर्धवट राहिलेल्या व्यवहारांचेसुद्धा. आणि शेवटी त्या अर्धवटांना एकेक करून मागे घेतो. जे मोडायचंच आहे ते आधी पुन्हा उभारायचं हे प्रथमदर्शनी वेडेपणाचं वाटतं. पण त्यामुळे यंत्र वीज जाण्याच्या क्षणी होतं नेमकं त्या स्थितीला येतं, आणि तिथून मागे जाणं सोपं होतं. या पद्धतीचं नाव एरीज. ती पूर्णपणे मांडणारा ६९ पानांचा निबंध १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले लेखक सी. मोहन. मद्रासच्या आयआयटीतून केमिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडलेला हा माणूस पुढे आयबीएममध्ये डेटाबेसकडे वळला. डीबी२ असो की एसक्यूएल सर्व्हर, पडल्यावर उठून उभं राहण्याची त्यांची रीत या निबंधाच्या वळणाची आहे.

एवढं समजलं की लॉग का हवा हे कळतं. तो फुगतो का, हे त्यातूनच निघतं.

रोजकीर्दीचं जुनं पान फाडायला हरकत नाही, पण अट अशी की त्या पानाची गरज कुणालाच उरलेली नसावी. त्यावरचे बदल डेटा फाइलमध्ये पोचलेले हवेत. त्यावर सुरू झालेला कोणताही व्यवहार अजून उघडा नको. त्या पानाची नक्कल करून ठेवायची असं ठरलं असेल तर ती झालेली हवी. दुसऱ्या गावच्या सर्व्हरला ते पान पाठवायचं असेल तर ते पोचलेलं हवं. यातल्या एकानेही हात धरला तर पान मोकळं होत नाही, आणि नोंदी तर थांबत नाहीत. मग डेटाबेस नवी पानं मागतो, फाइल वाढते, डिस्क संपते. म्हणून लॉग फुगला असं कुणी सांगितलं की 'कमी कसा करू' याच्या आधी विचारायचा प्रश्न हा: पान कुणी अडवलंय?

एसक्यूएल सर्व्हर या प्रश्नाचं उत्तर स्वतःच लिहून ठेवतो, हे अनेकांना माहीत नसतं. सगळ्या डेटाबेसांची जी यादी त्याच्याकडे असते, तिच्यात 'लॉग रीयूज वेट डेस्क' नावाचा एक स्तंभ आहे. त्यात एकच कारण असतं. 'लॉग बॅकअप' म्हणजे नक्कल व्हायची राहिली. 'अ‍ॅक्टिव्ह ट्रान्झॅक्शन' म्हणजे कुणाचा तरी व्यवहार उघडा आहे. 'रेप्लिकेशन' म्हणजे दुसरीकडे माल पोचायचा आहे. 'नथिंग' म्हणजे कुणी अडवलेलं नाही. डॉक्टरने औषध लिहिण्याआधी नाडी बघावी तसं हे आधी बघायचं. मी पाहिलेली निम्मी तरी नासाडी ही नाडी न बघता औषध दिल्याने झालेली आहे.

लॉग फाइल आतून कशी असते तेही सांगायला हवं, कारण पुढचे गैरसमज त्यावरच उभे आहेत. विहिरीवरचं रहाटगाडगं आठवा. गाडग्यांची माळ फिरत असते. भरलेलं गाडगं वर येतं, रिकामं होतं, पुन्हा खाली जातं. एसक्यूएल सर्व्हरची लॉग फाइल अशाच लहान तुकड्यांची बनलेली असते, त्यांना व्हीएलएफ म्हणतात. लिहिणं एका तुकड्यातून पुढच्या तुकड्यात जातं आणि शेवटाला पोचलं की पहिला तुकडा रिकामा आहे का ते पाहतं. रिकामा असेल तर तिथून पुन्हा सुरू. नसेल तर माळेला नवी गाडगी बांधायची, म्हणजेच फाइल वाढवायची.

इथे दोन क्रिया वेगळ्या ओळखायला हव्यात. गाडगं रिकामं करणं म्हणजे ट्रंकेट. माळ आखूड करणं म्हणजे श्रिंक. लॉगचा बॅकअप घेतला की गाडगी रिकामी होतात, पण डिस्कवर फाइल पूर्वीएवढीच दिसते. ती तशीच दिसायला हवी. 'बॅकअप घेतला तरी साइज कमी झाली नाही' ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मी विचारतो, की हंड्यातलं पाणी ओतलं तर हंडा लहान होतो का.

दुसरा गैरसमज जास्त महाग पडतो. रोज रात्री पूर्ण बॅकअप होतोय, म्हणजे लॉग आपोआप मोकळा होत असेल, असं जवळजवळ सगळेच धरून चालतात. होत नाही. डेटाबेसला 'फुल' हा रिकव्हरीचा प्रकार लावलेला असेल तर लॉग मोकळा करण्याचा अधिकार फक्त लॉगच्या बॅकअपला आहे. आणि बहुतेक ठिकाणी नवा डेटाबेस तयार केला की तो मूळ साच्याबरहुकूम 'फुल'मध्येच जन्मतो. गंमत अशी की पहिला पूर्ण बॅकअप होईपर्यंत तो 'सिम्पल'सारखा गरीब वागतो, लॉग आपला आपण पुसतो. पहिला बॅकअप घेतला की त्याला वाटतं, आता मालक लॉगच्या बॅकअपांची साखळी सांभाळणार, आणि तो एकेक पान जपायला लागतो. शहाणपणाने घेतलेल्या पहिल्या बॅकअपपासूनच लॉग फुगायला लागतो, हे नवख्याला कोड्यात टाकतं.

'फुल'चा हट्ट सगळ्यांनी धरावा असं माझं मत नाही. बिघाड झाला तर कालच्या रात्रीच्या बॅकअपवर परत जाणं आणि आजचं काम पुन्हा भरणं परवडत असेल, तर 'सिम्पल' ठेवा आणि निवांत झोपा. ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या यादीला ते चालतं. ठेवी-कर्जाच्या खात्यांना चालत नाही. तिथे दर पंधरा मिनिटांनी लॉगचा बॅकअप घ्यावा. मग सर्व्हर जळाला तरी जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचं काम जातं, आणि गाडगीही दर पंधरा मिनिटांनी रिकामी होत राहतात. किती मिनिटांचं काम गमावायची तयारी आहे, हे संचालकांनी ठरवायचं. लॉगचा आकार त्या ठरावातून निघतो. पण एकाही संचालक मंडळाच्या सभेत हा विषय निघाल्याचं मी पाहिलेलं नाही.

उघडा राहिलेला व्यवहार हे अडवणुकीचं दुसरं कारण, आणि यात माणसाचा हात थेट दिसतो. कुणीतरी क्वेरीच्या खिडकीत व्यवहार सुरू करण्याची आज्ञा देतो, चार ओळी बदलतो, 'कमिट' करायचं राहतं आणि चहाला जातो. त्याच्या मागे हजारो इतर व्यवहार झाले, पूर्ण झाले, त्यांचा बॅकअपही झाला. पण त्याचा उघडा व्यवहार ज्या पानावर सुरू झाला तिथपासून पुढचं एकही पान सुटत नाही, कारण त्याला मागे घ्यायची वेळ आली तर ते लागणार. शुक्रवारी संध्याकाळी खिडकी तशीच ठेवून घरी गेलेल्या माणसाने सोमवारपर्यंत अख्खी डिस्क भरवलेली मी पाहिलीय.

याच घरातला प्रकार म्हणजे एका आज्ञेत एक कोटी जुन्या ओळी पुसणं. पुसल्याने जागा होईल असं वाटतं. प्रत्यक्षात पुसण्याची प्रत्येक नोंद लॉगमध्ये जाते, वर ते काम मध्येच मागे घ्यावं लागलं तर लागेल तेवढी जागाही डेटाबेस आधीच राखून ठेवतो. जागा करायला निघालेला माणूस आहे ती जागा भरवून बसतो. काम चार-चार हजार ओळींच्या तुकड्यांनी करावं, आणि तुकड्यांच्या मध्ये लॉगचा बॅकअप होऊ द्यावा. नाहीतर 'फुल'मध्ये तुकडे करूनही लॉग तेवढाच फुगतो. एसक्यूएल सर्व्हरच्या २०१९च्या आवृत्तीत रिकव्हरीची नवी पद्धत आली. ती चालू केली तर ओळींची जुनी रूपं डेटाबेसमध्येच वेगळी जपली जातात, म्हणून उघड्या व्यवहाराने लॉग अडत नाही. अर्थात तो भार मग डेटाबेसवर जातो. फुकट काही मिळत नाही.

आता श्रिंक. बऱ्याच ठिकाणी रात्रीच्या कामांच्या यादीत पूर्ण बॅकअपनंतर श्रिंक लावून ठेवलेलं असतं, आणि लावणाऱ्याला आपण घर स्वच्छ ठेवतो असं वाटत असतं. दुसऱ्या दिवशी कामकाज सुरू झालं की फाइल पुन्हा वाढते. लॉग फाइल वाढवताना नव्या जागेत शून्यं भरावी लागतात. डेटा फाइलला मिळणारी सवलत लॉगला मिळत नाही (२०२२च्या आवृत्तीत ६४ एमबीपर्यंतच्या वाढीला मिळायला लागली). ती शून्यं भरेपर्यंत प्रत्येक लिहिणारा ताटकळतो. म्हणजे रोज रात्री माळ तोडायची आणि रोज सकाळी ग्राहक रांगेत असताना ती पुन्हा ओवायची.

शिवाय वाढ लहान लहान टप्प्यांनी होत असेल तर गाडग्यांची संख्या बेसुमार होते. ६४ एमबीपर्यंतच्या प्रत्येक वाढीला चार तुकडे, त्यावर १ जीबीपर्यंत आठ, त्याहून मोठ्या वाढीला सोळा असा जुना नियम. १ एमबीच्या टप्प्यांनी १० जीबीपर्यंत पोचलेल्या लॉगमध्ये सुमारे ४० हजार तुकडे होतात. २०१४च्या आवृत्तीपासून, वाढ सध्याच्या लॉगच्या आठव्या हिश्शाहून लहान असेल तर एकच तुकडा करतात. तरी दहा हजारांच्या घरात जातातच. एवढे तुकडे असले की सर्व्हर चालू होताना रिकव्हरी रखडते. एकदा असा एक डेटाबेस जागा होईपर्यंत आम्ही दोघं जण सर्व्हरच्या खोलीत एका डब्यातली पोळी-भाजी संपवून बसलो होतो. उलट ८ जीबीची एकच वाढ दिली तर अर्ध्या-अर्ध्या जीबीचे सोळाच तुकडे. किंबर्ली ट्रिप या जाणकार बाईंनी आकडा ८१९२ ऐवजी ८००० एमबी द्यायला सांगितलं होतं, कारण जुन्या आवृत्त्यांत नेमक्या ४ जीबीच्या पटीत वाढ मागितली की ती फसायची. तो दोष केव्हाच दुरुस्त झाला. ८००० लिहायची सवय मात्र आमच्यातल्या अनेकांच्या हाताला राहिलीय.

श्रिंक कधीच करू नये असं नाही. एकदाच घडलेल्या अपघाताने फाइल फुगली असेल, कारण दूर केलं असेल, तर एकदा श्रिंक करावं, योग्य आकाराला आणावं आणि विसरून जावं.

नावाने केलेल्या घोटाळ्याकडे पुन्हा येतो, कारण त्याची सर्वात बोलकी कबुली पोस्टग्रेसच्या इतिहासात आहे. पोस्टग्रेसमध्ये ही रोजकीर्द १६-१६ एमबीच्या फाइलींत ठेवलेली असते आणि त्या फाइली ज्या फोल्डरात असत त्याचं नाव होतं 'पीजी_एक्सलॉग'. डिस्क भरली की प्रशासक काय काढून टाकता येईल ते शोधायचे, नावात 'लॉग' दिसायचं, आणि हात चालायचा. डेटाबेस गेला. असं इतक्या वेळा झालं की ५ ऑक्टोबर २०१७ रोजी आलेल्या दहाव्या आवृत्तीत त्यांनी नावच बदललं: 'पीजी_वॉल'. 'पीजी_क्लॉग' नावाचं भावंडही होतं; कोणता व्यवहार पक्का झाला नि कोणता नाही याची नोंद त्यात असे. तेही 'पीजी_एक्सॅक्ट' झालं. जगभरच्या स्क्रिप्टा मोडणार हे माहीत असूनही केलेला हा बदल मला फार शहाणा वाटतो. माणसं वाचत नाहीत म्हणून कपाळाला हात लावण्यापेक्षा पाटी बदलणं बरं.

पोस्टग्रेसमध्ये अडवणारे थोडे वेगळे. तिथे मागे घेण्यासाठी लॉग लागत नाही, ओळींची जुनी रूपं टेबलातच पडून असतात. त्यामुळे चहाला गेलेला माणूस टेबल फुगवतो, लॉग फुगवत नाही. तिथले नेहमीचे आरोपी दोन. पहिली, नकला दुसरीकडे नेऊन ठेवणारी आज्ञा, जी अपयशी होत राहते. दुसरा, रेप्लिकेशन स्लॉट. दुसऱ्या सर्व्हरसाठी 'माझ्यासाठी पानं राखून ठेव' असं सांगणारी ही खूण. तो सर्व्हर बंद करून भंगारात दिला तरी खूण पुसायची राहिली, तर पहिला बिचारा मेलेल्या माणसाचं टपाल सांभाळत बसतो, डिस्क संपून कोसळेपर्यंत. या राखणीला मर्यादा घालायची सोय २०२०च्या तेराव्या आवृत्तीत आली, पण मुळात ती अमर्यादच ठेवलेली असते. आकडा आपण घालायचा.

तिथली आणखी एक गोष्ट अनुभवींनाही चकवते. लॉग कमी व्हावा म्हणून काही जण 'मॅक्स वॉल साइझ' ही मर्यादा कमी करतात. मूळची १ जीबी असते, आणि ती मर्यादाही सक्तीची नाही, गरज पडली तर ओलांडली जाते. आकडा कमी केला की चेकपॉइंट वारंवार होतात. चेकपॉइंटनंतर प्रत्येक पानाला पहिला बदल झाला की ते ८ केबीचं पान अख्खं लॉगमध्ये उतरतं, लिहिता लिहिता वीज जाऊन अर्धं पान नवं नि अर्धं जुनं राहिलं तर सावरता यावं म्हणून. त्यामुळे चेकपॉइंट जितके जास्त, तितकं लॉगचं लिखाण जास्त. मर्यादा वाढवली की लॉगचा ओघ कमी होतो.

ओरॅकलबद्दल थोडक्यात. तिथे ऑनलाइन रीडू लॉगच्या फाइली ठरावीक आकाराच्या आणि ठरावीक संख्येच्या. त्या वाढतच नाहीत. भरलेल्या फाइलीची नक्कल झाली नसेल तर डेटाबेस सरळ थांबतो. नकलांची जागा भरली की ००२५७ क्रमांकाची चूक येते आणि बाहेरून सगळं गोठल्यासारखं दिसतं. मला हा खाक्या प्रामाणिक वाटतो. महिनाभर गुपचूप फुगत राहून नेमक्या मार्चअखेरीला दगा देण्यापेक्षा पहिल्याच दिवशी अडून बसलेलं बरं.

आणि लॉग गरजेपेक्षा कमी जपला तर काय होतं? ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कंपनीत ते घडलं, आणि त्यांनी सगळी हकिगत जगासमोर मांडली. वाढलेल्या भारामुळे त्यांचा दुय्यम सर्व्हर मागे पडला. त्याला लागणारी लॉगची पानं मुख्य सर्व्हरने तोवर पुसून टाकली होती आणि नकला कुठे ठेवलेल्याच नव्हत्या. आता दुय्यम सर्व्हर पहिल्यापासून भरण्यावाचून उपाय नव्हता. रात्रीच्या त्या खटपटीत थकलेल्या इंजिनिअरने दुय्यम समजून मुख्य सर्व्हरचं डेटा फोल्डर पुसायला घेतलं. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, तोवर सुमारे ३०० जीबीमधले साडेचार उरले होते. रोजचे बॅकअप शोधले तर तेही नव्हते: बॅकअप घेणाऱ्या आज्ञावलीची आवृत्ती जुनी असल्याने ते कधीपासून फसत होते, आणि फसल्याचे ईमेल पाठवणाऱ्याची ओळख न पटल्याने नाकारले जात होते. सुदैवाने कुणीतरी सहा तासांपूर्वी चाचणीसाठी डिस्कची प्रत काढली होती. त्यावरून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी रुळावर आली. मधल्या सहा तासांचं काम गेलं ते गेलं.

फसल्याचे ईमेल. पतसंस्थेतल्या त्या रात्री हेच आठवलं.

तिथे मी नाडी बघितली तर उत्तर आलं, 'लॉग बॅकअप'. लॉगचा बॅकअप दर तासाला लावलेला होता, खोलीतल्या एका नेटवर्क डिस्कवर. फेब्रुवारीच्या मध्याला त्या डिस्कचा पासवर्ड बदलला आणि तेव्हापासून एकही बॅकअप झाला नव्हता. पूर्ण बॅकअप दुसऱ्या छोट्या डिस्कवर बिनचूक होत होता, त्याचा हिरवा टिळा रोज दिसायचा, म्हणून सगळे निर्धास्त. बॅकअप फसल्याची सूचना ईमेलने जात होती, वर्षभरापूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर. आणि ९ जीबीच्या डेटाबेसने २१२ जीबी लिहिलं कुठून? रोज रात्री सगळ्या इंडेक्सची नव्याने बांधणी लावलेली होती. तिची नोंद रोज पाच जीबीच्या आसपास. चव्वेचाळीस रात्री. हिशेब जुळला.

२१२ जीबीची नक्कल ठेवायला जागा नव्हती. व्यवस्थापक घरी गेले आणि एक बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घेऊन आले, मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओंनी अर्धी भरलेली. तिच्यावर लॉगचा बॅकअप घेतला. श्रिंक मारलं तर फाइल जेमतेम काही जीबींनी हलली, कारण चालू गाडगं माळेच्या टोकाला होतं आणि माळ फक्त टोकाकडूनच तोडता येते. थोडं काम होऊ दिलं, लिहिणं फिरून सुरुवातीला आलं, पुन्हा बॅकअप घेतला, पुन्हा श्रिंक. आता फाइल खाली आली. मग ८००० एमबीपर्यंत एकदाच वाढवली, आपोआप वाढीचा टप्पा टक्क्यांऐवजी एमबीत दिला आणि तो फक्त अडीअडचणीसाठी ठेवला. बॅकअप पंधरा मिनिटांवर आणला. रोजची इंडेक्स बांधणी आठवड्यावर नेली. डिस्कवर काही जीबीची एक रिकामी फाइल उगाच करून ठेवली; पुन्हा कधी डिस्क तुडुंब भरली तर तेवढीच पुसून श्वास घ्यायला. पहाटे व्याज आकारणी पूर्ण झाली. सूचना आता दोघांना जाते, आणि चोवीस तासांत लॉगचा एकही बॅकअप झाला नाही तर वेगळी सूचना व्यवस्थापकांच्या फोनवर येते.

पुढच्या मार्चला त्या लॉगचा जास्तीत जास्त वापर झाला तो साडेपाच जीबी. एरवी ती फाइल नव्वद टक्के रिकामी असते. अधूनमधून कुणी नवा माणूस येतो आणि विचारतो, आठ जीबी उगाच अडकलेत, श्रिंक मारू का? नको. राहू दे तशीच.